हलण्याच्या बेतातला ठोकळा

आमचे हे अंघोळ करता करता शिकवतात. नळ बंद, अंगाला साबण, आणि आतून खणखणीत आवाज येतो, "आता सांगा, ठोकळ्यावर बलं किती? मोजा!" मी बाहेरून ओरडते, "अहो, आधी अंग धुवा, मग मोजा काय ते!" शिलाई मशीन चालवता चालवता मला इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाचे दोन धडे तोंडपाठ झालेत. दोनच. घर्षण आणि ट्रस.

ट्रस म्हणजे लोखंडी दांड्यांचे त्रिकोण जोडून केलेला सांगाडा. पुलाला असतो, गोदामाच्या छपराला असतो. कुठल्या दांड्यावर ताण आहे आणि कुठल्यावर दाब, ते काढायचं. घर्षण म्हणजे उतारावर ठोकळा ठेवायचा, नाहीतर भिंतीला शिडी टेकवायची, आणि ती घसरेल कधी ते बघायचं. गंमत म्हणजे गणितातला तो मेला ठोकळा घसरत कधीच नाही. तो कायम घसरण्याच्या बेतात असतो. पुढच्या क्षणी हलणार, एवढ्यावर आणून गणित संपवतात. मी ह्यांना म्हणायचे, "काय हो ही माणसं! एकदा हलू द्या की त्याला!" ह्यावर हे नुसते हसायचे.

नापास होऊन राहिलेला विषय काढून देणारा एक क्लास आहे, हे तिथे शिकवतात. औषधाच्या दुकानावरचा तिसरा मजला, जिन्यात पोरांची रेटारेटी, आणि पंखे असे की वारा कमी आवाज जास्त. तिथले मालक म्हणजे मोठे सर. मोठ्या सरांनी एका विषयाचे तुकडे करून ते शिक्षकांना वाटून दिलेत. बलांची बेरीज एकाला, गती दुसऱ्याला. ह्यांच्या वाट्याला आले घर्षण आणि ट्रस. सकाळी तेच, दुपारी तेच, संध्याकाळी तेच. लग्न झालं तेव्हा म्हणाले होते, "वर्षभर काढू इथे, मग बघू." आता आमची लेक उंचीला माझ्या खांद्याशी लागली. पोरं ह्यांना ठोकळा सर म्हणतात आणि ह्यांना ते आवडतं, म्हणजे बघा.

आणि आम्ही राहतो कुठे, तर दोन खोल्यांत, जिथली एकुलती एक खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. भर दुपारी ट्यूबलाइट लावून मी लोकांच्या पॅन्टचे पाय आखूड करते, चेनी बदलते, उसवलेलं शिवते. डोळ्यांची पार वाट लागली. कितीदा म्हटलं, दुसरीकडे बघा. प्रत्येक वेळी उत्तर ठरलेलं. "अगं, माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं मोठ्या सरांकडे आहेत. नोकरीला लागताना जमा करून घेतलीत. ते सोडत नाहीत."

हे खोटं वाटावं असं काही नव्हतं. तिथे सगळ्यांचीच घेतात. नवीन माणूस लागला की त्याची डिग्री आधी कपाटात जाते, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर पळून जायला नको. मी मोठ्या सरांना जे काही बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. मशीनची सुई तुटली तरी मी त्यांच्याच नावानं बोटं मोडायचे.

आणि परवा फोन आला. दुसऱ्या गावातलं कॉलेज. तिथल्या ऑफिसातल्या बाई बोलत होत्या. तुमच्या क्लासला येऊन गेलेली आमची पोरं तुमचंच नाव घेतात, म्हणाल्या. सोमवारी या, मुलाखत नको, काही नको, येताना ओरिजिनल सर्टिफिकेटं तेवढी आणा. विषय पूर्ण तुमच्याकडे. राहायला क्वार्टर, दोन बाजूंनी खिडक्या आणि पुढे झाडं. मी तर ऐकता ऐकताच मनात पडदे शिवायला घेतले.

हे फोन ठेवून खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत बसले.

"अहो, बोला की काहीतरी!"

"काय बोलू? कागद नाहीत ना हातात. मोठे सर सोडणार नाहीत."

"मागितलेत का तुम्ही?"

"शंभरदा."

"मग एकशे एकाव्यांदा मी मागते. बघते कसा देत नाही तो."

ह्यांचा आवाज एकदम चढला. ह्यांचा आवाज कधी चढत नाही. "तू जायचं नाहीस. सांगून ठेवतो. तिथे माझी इज्जत आहे." मला वाटलं, बायको भांडायला आली म्हणून पोरं हसतील, ह्याची लाज वाटत असेल. मी "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सरळ क्लासच्या जिन्याला लागले. बोलायचं काय ते एकेका पायरीवर घोटत चालले होते.

मोठे सर फोनवर होते. शिपाई म्हणाला, थांबा जरा. म्हणून मी पॅसेजमध्ये थांबले. समोरच्या दाराला काच होती आणि आत हे शिकवत होते. इतक्या वर्षांत मी ह्यांना शिकवताना कधी पाहिलंच नव्हतं, फक्त न्हाणीघरातून ऐकलं होतं.

खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. घरात चमचा मागताना चाचरणारा हा माणूस तिथे राजा होता. फळ्यावर एका झटक्यात उतार, उतारावर ठोकळा, ठोकळ्याला बाण. "ट्रसमध्ये तुम्ही दिशा चुकीची धरलीत तरी बिघडत नाही," हे सांगत होते. "ताण समजून चाललात आणि निघाला दाब, तर उत्तर उणे येईल. ट्रस तुम्हाला माफ करतो. घर्षण माफ करत नाही! ठोकळा कुठल्या बाजूला जाऊ बघतोय ते आधी ओळखा. तिथे चुकलात की आकडाच चुकला, मग उणं-अधिक करून काही सुटत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता हा बघा. अजून हललेला नाही. पण कुणी शिंकलं तरी हलेल." मागच्या बाकावरचा एकजण मुद्दाम शिंकला. सगळा वर्ग खदखदून हसला, हेही हसले. मीही बाहेर उभी राहून हसले.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, शिंकलाच आहे तर सुटू द्या ना त्याला. एकदा घसरायला लागला की खाली किती वेगानं पोचेल?"

साधा प्रश्न. ह्यांच्या हातातला खडू फळ्याला टेकलेला होता, तो तिथेच राहिला. हे त्या ठोकळ्याकडे बघत राहिले. मग खडू उचलून बाणाचं टोक पुन्हा गिरवलं, जे आधीच ठसठशीत होतं. "ते गतीच्या सरांना विचारायचं," हे म्हणाले. "माझं काम ठोकळा हलेपर्यंत. हलला की तो माझा नाही." वर्ग पुन्हा हसला. पोरांना वाटलं, सर विनोद करतायत. मी ह्या माणसाबरोबर संसार केलाय. मानेवरून घाम ओघळत होता ह्यांच्या.

तेवढ्यात शिपाई म्हणाला, "या."

मी आत गेले आणि बसायच्या आधीच सुरू झाले. "सर, आमच्या ह्यांचे कागद आजच्या आज द्या. माणूस आहे तो, तुमच्या कपाटातली फाइल नाही."

मोठे सर माझ्याकडे बघतच राहिले. चिडले नाहीत. त्यांनी शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं.

"वहिनी, त्यांचे कागद माझ्याकडे कुठले? त्यांनी परत नेले त्याला चार-पाच वर्षं होतील. तुम्हाला बोलले नाहीत?"

मी तेव्हा कुठे खुर्चीत बसले. मग त्यांनीच सांगितलं. तेव्हा एका कॉलेजनं ह्यांना बोलावलं होतं, शिकवून दाखवा म्हणून. मोठ्या सरांनी कागदही दिले आणि रजाही दिली. तिथे विषय निघाला घसरत्या वस्तूंचा. "फळ्यावर आकृती सुरेख काढली म्हणे. आणि पुढे एक ओळ सुचेना. पंधरा-वीस लोक समोर बसलेले. दुसऱ्या दिवशी ह्याच खुर्चीत बसून रडले हो. म्हणाले, सर, मी शिकलो होतो सगळं, पण आता मला एवढंच येतं. मागच्या वर्षी आमचे गतीचे सर सोडून गेले, तर मी म्हटलं तुम्हीच घ्या तो भाग, घरच्या घरी तयारी करा सावकाश. त्यांनी हात जोडले माझ्यापुढे."

मी उठायला लागले.

"मी काही साधुसंत नाही, वहिनी," ते म्हणाले. "एका माणसाला एकच धडा दिला की तो त्यात तरबेज होतो आणि मग कुठे जात नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पण कागदांसाठी मी त्यांना अडवलेलं नाही."

घरी कशी आले ते आठवत नाही. घर म्हणजे दोन खोल्या, एक कपाट, एक पेटी. शोधले असते तर ते कागद पाच मिनिटांत सापडले असते. मी शोधले नाहीत. मी मशीनवर बसले आणि गिऱ्हाइकाची एक पॅन्ट उसवायला घेतली. राग म्हणावा तर इतका आला होता की दाराशी येताच ह्यांना फाडून खावं. इतकी वर्षं मला अंधारात बसवलंत, तेही थापा मारून! लेकीला त्या भिंतीकडे बघत अभ्यास करायला लावलंत!

संध्याकाळी हे आले. हातपाय धुतले, काकडी सोलायला घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिपाई म्हणाला, तू आली होतीस."

"हो."

"काय म्हणाले मोठे सर?"

ह्यांच्या हातातली सुरी थांबली. काकडीवर अर्धं साल लोंबत होतं. मी तोंड उघडलं ते सगळं बाहेर काढायलाच. पण हे खाली मान घालून बसले होते, गणित न आलेल्या पोरासारखे, छडी कधी बसते त्याची वाट बघत. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही देत म्हणाले. काय करायचं ते करा म्हणाले."

ह्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला तो मशीनपाशी ऐकू आला. "मी म्हटलं नव्हतं तुला?" लगेच बोलायलाच लागले. मोठ्या सरांना दोन शिव्यासुद्धा घातल्या, अगदी मनापासून. मला ह्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. कॉलेजच्या बाई. हे फोनकडे बघत बसले, मग स्पीकर लावून तो माझ्यापुढे धरला. माझ्या ओठांत टाचण्या होत्या, त्या मी काढल्या आणि सांगितलं की मी सरांची बायको बोलतेय, आणि कागद काही मिळत नाहीयेत.

"अहो, एवढंच ना?" बाई हसल्या. "झेरॉक्स आणा. ओरिजिनलचं सावकाश बघू आपण. सोमवारी सरांना पाठवा फक्त. आमची पोरं वाट बघतायत."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्या संसारात ह्या माणसानं माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. आत्ताही तोंडानं मागत नव्हते.

"नाही हो, बाई," मी म्हटलं. "खरं सांगू का, मलाच नाही यायचं. माझं शिलाईचं काम आहे इथे, गिऱ्हाइकं बांधलेली आहेत. मी नाही सोडणार हे घर. हे तयार होते."

मग बाई म्हणाल्या, "तुमची मर्जी. पण एवढ्या हुशार माणसाचं नुकसान केलंत हो तुम्ही." आणि फोन ठेवला.

ह्यांनी काकडी बाजूला सारली. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले आणि पॅन्टचा दुसरा पाय धरून त्यातले तुटके दोरे एकेक करून काढायला लागले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, मी ते पुसलंही नाही. का रडतेस, असं ह्यांनी विचारलं नाही.