नावाचा रकाना रिकामा चालेल

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या कामात तर ते चुका शोधताना सापडतात. एक चूक धरायला जावं, तर तिच्यामागे एखादी बाई, तिची सासू, गावचे मास्तर असे सगळे हजर.

आमचं ऑफिस कोथरूडला. वारज्याच्या पलीकडच्या गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांच्या तब्येतीचा अभ्यास तिथं वीसेक वर्षं चाललाय. माहिती सगळी एक्सेलच्या फायलींत, एकीचा दुसरीला पत्ता नाही. ती नव्या डेटाबेसमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी आधी स्कीमा करायचा, म्हणजे कुठल्या रकान्यात काय चालेल आणि काय चालणार नाही याचे नियम. नियमात न बसणारी नोंद गळणार.

गळणार म्हटल्यावर मंगलताई माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. ही सगळी माहिती त्यांनी घरोघर हिंडून आणलेली. रोज आल्या आल्या त्यांचा एकच प्रश्न असे, "आज कुणाला बाहेर काढलंत?"

*

पहिला नियम मी हौसेनं केला. नाव, आडनाव आणि जन्मतारीख, तिन्ही सारखं असेल तर बाई एकच. दोन नोंदींची एक करून टाकायची.

आठवड्याभरानं आमच्या मुख्य डॉक्टर मॅडम कागद घेऊन आल्या. "अहो, या सुनीता पवार सकाळी अशक्त आणि दुपारी ठणठणीत. काय खायला घातलंत त्यांना?"

मंगलताईंनी चष्मा वर केला. "दोघी आहेत त्या. एका भावकीतल्या."

"आणि जन्मतारीखही एकच? एक जून?"

"मॅडम, शाळेत नाव घालताना मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जून दिला. जन्म कधीचा, ते विचारलं कुणी?"

मी अर्धा दिवस यादी चाळली. एक जूनला इतक्या बायका जन्मल्या होत्या, की उरलेलं वर्ष सुईण नुसती बसून असावी. मग प्रत्येकीला वेगळा नंबर दिला आणि दोन्ही सुनीता सोडवल्या.

*

अभ्यास सुरू झाला तेव्हा जन्मलेल्या मुली आता लग्नाच्या झाल्यात. त्यातल्या वैशाली नावाच्या एकीपुढे "संपर्क तुटला" असा शेरा पडला.

"तुटला कुठं? लग्न झालंय तिचं," मंगलताई म्हणाल्या. "तांदळात नाव काढलं, आता ती अंकिता. परवाच तिच्याकडे चहा पिऊन आले."

मग नावांसाठी वेगळा तक्ता केला, एका बाईची कितीही नावं चालतील असा. मॅडमनी विचारलं, "कितीही म्हणजे किती?"

मंगलताई म्हणाल्या, "ते तिच्या सासूला विचारा."

*

दोघांचा मोबाइल नंबर सारखा चालणार नाही, असाही एक नियम होता माझा. तो एका वस्तीनं मोडला. तिथल्या सगळ्या घरांनी एकाच किराणा दुकानाचा नंबर दिलेला. फोन लावला की दुकानदार म्हणायचा, "गिऱ्हाईक सोडतो, मग हाक मारतो."

तो नियमही काढला. तेव्हा कुठं लक्षात यायला लागलं, की मी सगळे नियम आमच्या सोसायटीतली माणसं डोळ्यांपुढे ठेवून केले होते.

*

नाव रिकामं चालणार नाही, हा नियम मात्र मी सोडला नव्हता.

जुन्या फायलींत काही मुलांच्या नावाच्या जागी नुसतं "बाळ" होतं, म्हणजे नाव नाहीच. जन्माच्या वेळचं वजन आहे, पुढे काहीच नाही. प्रोग्रॅम नीट चालतोय का ते बघायला आम्ही खोट्या नोंदी टाकतो. ह्या तशातल्याच असणार, असं धरून मी त्या काढायच्या यादीत घातल्या आणि यादी मंगलताईंपुढे ठेवली.

त्यांनी ती सावकाश, शेवटपर्यंत वाचली. "ह्या खोट्या नाहीत. बारशापर्यंत राहिली नाहीत ही मुलं."

मला लाज वाटली. अजून वाटते. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नियम काढा." नावाचा रकाना रिकामा चालेल, असं मी त्याच दिवशी करून टाकलं आणि सगळी बाळं नव्या डेटाबेसमध्ये आली.

त्यानंतर महिन्याभरानं कमल नावाची एक बाई मुलीला तपासणीला घेऊन आली. फॉर्म आता नव्या डेटाबेसमधून छापून येत होता, आईच्या सगळ्या मुलांसकट. मुलीच्या नोंदीच्या वर एक ओळ जास्त होती, नावाची जागा मोकळी. कमलनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पहिल्याचं आहे होय तुमच्याकडे? आमच्याकडे कुठल्याच कागदावर नाही."

मंगलताईंनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. स्क्रीनवर होतं ते मी वाचून दाखवलं. वजन, लांबी, डोक्याचा घेर.

"अजून?"

"एवढंच आहे," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि फॉर्मची घडी घालायला लागली. तेवढ्यात मंगलताई म्हणाल्या, "सावळा होता. जावळ दाट. उजव्या कानामागं एवढासा लाल डाग होता."

"डाव्या," कमल म्हणाली.

मंगलताईंनी रजिस्टर उघडलं, पेन काढलं. "डाव्या. बरोबर. थांब, लिहून घेते."