डोक्याची मागची बाजू

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. इंग्लंडात बेसिंगस्टोकला राहत होतो तेव्हा मी सत्तरीला टेकलेल्या एका विधवा बाईंच्या दोन बोटांना भीत होतो. ऑफिसातली बाकीची मंडळी व्हिसाच्या मुदतीला भ्यायची, घराच्या हप्त्यांना भ्यायची. मी त्या बोटांना. माणसाच्या डोक्यात काय आहे ते ओळखणारे पुष्कळ भेटतात, पण डोक्याच्या मागच्या बाजूला काय आहे एवढ्यावरून माणूस ओळखणारी बाई साऱ्या पृथ्वीवर एकच असावी, आणि ती नेमकी आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होती.

बाई मूळच्या अमेरिकेतल्या, टेनेसीच्या डोंगरातल्या. एका इंग्रज इंजिनिअरशी लग्न करून तरुणपणीच इकडे आल्या, नवरा गेला, त्या राहिल्या. त्यांचं इंग्रजी गल्लीतल्या इंग्रजांना कळत नसे, आम्हाला मात्र कळे, कारण त्या प्रत्येक शब्द दोनदा चघळून मग सोडत. मला त्या 'हनी' म्हणत आणि बायकोला 'शुगर'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायको घरात येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, मला डायबिटीस आहे हे हिला कुणी सांगितलं?" रंग म्हणाल तर आमच्या घरच्या चहासारखा, दूध जरा जास्त झालेला. केस अजून काळेभोर. आणि डोळे इतके फिकट निळे की बोलताना त्या आपल्यामागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघतायत असं वाटावं.

त्यांची माणसं मेलंजन. हा शब्द त्यांनीच मला शिकवला. गोरे, काळे आणि तिथले मूळचे आदिवासी, अशा तिन्हींचं रक्त पिढ्यान्‌पिढ्या मिसळून झालेली ती डोंगरातली वस्ती. बाईंच्या लहानपणी हा शब्द म्हणजे शिवी. कुणी विचारलंच तर घरोघरी ठरलेलं उत्तर असे: आमचे पूर्वज पोर्तुगीज. आई त्यांना उन्हाळ्यात लांब बाह्यांचा झगा आणि झापडांसारखी टोपी घातल्याशिवाय अंगणात सोडत नसे. काळवंडली तर पोर्तुगालने भागणार नाही, ही धास्ती. पण आता म्हातारपणी बाईंनी इंटरनेट घेतलं आणि त्यावर त्यांना त्यांच्यासारखीच शोध घेणारी माणसं सापडली. त्यांच्यातच कुणीतरी ते सांगितलं: मेलंजन माणसाच्या डोक्यामागे, मानेच्या जरा वर, अर्ध्या लिंबाएवढा उंचवटा असतो. डॉक्टर लोक यावर हसतात, असा उंचवटा कुणालाही असू शकतो म्हणतात. बाईही हे हसतच सांगत. पण हसता हसता त्यांचा हात पुढे आलेला असे.

पोस्टमन, खिडक्या पुसणारा, कौन्सिलची कचऱ्याची बिनं उचलणारा गडी, सगळ्यांची डोकी त्यांनी चाचपून पाहिली होती. "पान पडलंय बघ," म्हणायचं आणि दोन बोटं मानेवरून वर सरकवायची. दवाखान्यात डॉक्टर त्यांचा रक्तदाब घ्यायला वाकले, तर बाईंनीच त्यांना तपासून टाकलं. "तुमच्यात काही नाही," म्हणाल्या, "पण वाईट वाटून घेऊ नका." त्यांच्याकडे एक फोटोंचा अल्बम होता. टोप्या घातलेले मामा, दात न दाखवणाऱ्या आत्या. तो पाहुण्याच्या मांडीवर ठेवून त्या विचारत, "ही कुठली वाटते, सांग?" इंग्रज शेजारी बिचारे 'फ्रेंच?' वगैरे म्हणत. आमच्या हिने एका आत्याकडे बघून पटकन सांगितलं, "ही तर अगदी आमच्या सोलापूरच्या मावशीसारखी दिसते." बाईंनी तिला मिठी मारली आणि रडल्या. "शुगर," म्हणाल्या, "आमच्या माणसांना आजपर्यंत कुणी मावशी म्हटलं नव्हतं." नंतर कितीतरी दिवस त्या सगळ्यांना सांगत होत्या, सोलापूरला आमचं कुणीतरी आहे म्हणून.

आता माझ्या भीतीचं कारण. माझे डोळे घारे आहेत. घारे डोळे आणि गोरा रंग म्हटला की आपल्याकडे पुढचं काही विचारत नाहीत: अस्सल कोकणस्थ. माझ्या सासऱ्यांनी निम्मा होकार माझे डोळे बघूनच दिला होता. इथल्या महाराष्ट्र मंडळातही गणपतीची पूजा सांगायला मलाच बसवायचे. मंत्र येतात हे एक कारण, आणि मी तसा दिसतो हे दुसरं. लग्नाच्या आदल्या दिवशी वडिलांनी मला गच्चीवर नेलं. म्हणाले, "तुझी आजी कोकणातली पोरकी मुलगी, असं आपण सांगतो. ती भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली. तिचा बाप गार्ड होता, अर्धा साहेब, अर्धा आपल्यातला. आई कोण, हे तिलाही धड ठाऊक नव्हतं. आजोबांनी नाव बदलून घरी आणली. हे तुझ्यापाशी संपव." आजीचं खरं नावही सांगितलं, आणि लगेच विचारलं, "सदऱ्याला इस्त्री झाली का?" ते नाव मी त्यानंतर कधी उच्चारलेलं नाही. बायकोसमोरसुद्धा नाही. तिकडे त्यांचं पोर्तुगाल, इकडे आमचं कोकण. आणि त्या आजीच्या डोक्यामागे जो उंचवटा होता, तो अंबाडा घालताना नेहमी आडवा यायचा, तो माझ्याही डोक्यामागे आहे.

बाईंची पहिली भेट कुंपणावर झाली. मी फळी ठोकत वाकलो होतो. मानेवर काहीतरी गार टेकलं आणि कानाशी आवाज आला, "पान पडलंय, हनी." मी असा दचकलो की हातोडी त्यांच्या गुलाबात जाऊन पडली. उंचवट्यापर्यंत बोटं पोचलीच नव्हती, पण तेव्हापासून माझा बंदोबस्त सुरू झाला. भर जुलैत मी लोकरीची टोपी घालून गवत कापायचो. न्हाव्याला मागचे केस वाढवून ठेवायला सांगायचो. बायकोकडून रविवारी डोक्याला तेल लावून घेणं बंद केलं, कारण एकदा तिनेही हात थांबवून विचारलं होतं, "अहो, इथे टेंगूळ कसलं?" आणि बाईंच्या घरून निघताना मी त्यांच्याकडे पाठ करत नसे. देवळाच्या गाभाऱ्यातून निघावं तसा, तोंड त्यांच्याकडे ठेवून, मागच्या मागे पावलं टाकत दारापर्यंत यायचो. एकदा त्यांच्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये पाय अडकून सपशेल पडलो. बाईंनी मात्र गल्लीभर सांगितलं, भारतीय लोक वडीलधाऱ्यांना पाठ दाखवत नाहीत, शिका काही.

एका गणपतीला बायकोने त्यांना घरी बोलावलं. मंडळाची सगळी माणसं आलेली. आरती झाली आणि एकेक जण पुढे होऊन गुडघे टेकून नमस्कार करायला लागला. इतकी डोकी आपणहून वाकलेली बाईंनी जन्मात पाहिली नव्हती. त्या हरखून मखराच्या बाजूला जाऊन उभ्याच राहिल्या. मी पूजेला बसलेला यजमान. पण त्या वर्षी मी बाप्पाला उभ्यानेच हात जोडले, पाठ धरलीय म्हणून सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष वाकले. हे गृहस्थ सात पिढ्यांची नावं न मागता ऐकवणारे. बाईंची बोटं सरकली आणि त्या ओरडल्या, "आहे! यांना आहे!"

"काय आहे म्हणतात?" अध्यक्ष उठत, सुखावून म्हणाले. "बुद्धिमत्तेचं लक्षण असणार."

इथेच जन्मलेली, तेव्हा दहा-अकरा वर्षांची आमची मुलगी पुढे झाली. "नाही काका. म्हणजे तुमचा फॅमिली मिक्स आहे."

खोलीत हशा उसळला. अध्यक्षांनी हातातला मोदक ताटात परत ठेवला. "लहानपणी जिन्यावरून पडलो होतो मी," ते म्हणाले, पण कुणी ऐकेना. कुणीतरी म्हणालं, "आता गोत्र तपासून घ्या हो अध्यक्षांचं." सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. पुढच्या गणपतीला अध्यक्ष आले नाहीत. विनोदच होता तो, पण आले नाहीत. मी मनात म्हटलं, बघ, त्याच्याकडे खरं काही नव्हतं तरी ही गत.

आणि मग एका शनिवारी मुलगी शेजारून धावत आली. "बाबा, माझ्या डोक्याला पण बंप आहे! शेजारची आजी म्हणाला, यू आर माइन! तुझा दाखव ना."

"यांनाही आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "हाताला लागायचं माझ्या."

"मी पाळण्यातून पडलो होतो," मी म्हणालो.

"आणि ही? हिच्या वेळी पाळणा कुठे होता?" बायको म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून विषय तिथेच राहिला. मला मात्र ती शिट्टी भुसावळहून आल्यासारखी वाटली. त्यानंतर मी कुंपणाकडची खिडकी उघडत नसे.

त्याच हिवाळ्यात बाईंनी गालाच्या आतून कापूस फिरवून कुठल्याशा डीएनए तपासणाऱ्या कंपनीला पाठवला होता, त्याचं उत्तर आलं. त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या, पहिल्यांदाच हात खिशात घालून. थोडं आफ्रिका निघालं होतं, थोडं युरोप, आणि थोडं कुठलं ते कंपनीलाही सांगता येत नव्हतं. पोर्तुगाल काही निघालं नव्हतं. त्यांनी आनंदाने टेनेसीत भावाला फोन केला होता. भाऊ म्हणाला, आई मेली ते बरं झालं, आणि फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

"हनी," त्या म्हणाल्या, "तुमच्यात कुणी असं निघालं असतं, तर तू काय केलं असतंस?"

इतकंच विचारलं. मला फक्त दार आणखी उघडायचं होतं. 'आमच्यातही आहे' एवढ्या एका वाक्याने त्यांना निदान एक तरी माणूस मिळाला असता. मी म्हणालो, "आमच्यात असं नसतं."

त्यांनी मान हलवली. "नशीबवान आहात," म्हणाल्या.

आतून बायकोने विचारलं, "कोण आलंय हो?"

"कुणी नाही," मी म्हणालो आणि दार लावलं.

वसंतात त्या घर विकून कार्डिफला नवऱ्याच्या पुतणीकडे गेल्या. सामानाची व्हॅन उभी होती. बायकोने डब्यात पुरणपोळ्या दिल्या, मुलगी त्यांना बिलगून रडली. मी टोपी घालून हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून ठेवला. "हनी, आता ती टोपी काढ, डोक्याला घामोळं येईल. मी तुझ्या डोक्याला कधी हात लावणार नव्हते. त्या दिवशी कुंपणावर तू दचकलास ना, तेव्हाच ठरवलं. जो दचकतो त्याला मी विचारत नाही. माझी आईही तशीच दचकायची." मग त्या व्हॅनमध्ये पुढे जाऊन बसल्या आणि काच खाली करून बायकोला ओरडल्या, "शुगर, सोलापूरला माझा नमस्कार कळव!"

म्हणजे मी इतकी वर्षं ज्या बोटांपासून पळत होतो, ती बोटं माझ्या मागे नव्हतीच. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि मी आपणहून सांगेन म्हणून त्या वाट बघत होत्या. हे मला कुंपणाकडची खिडकी उघडल्यावर कळलं. पलीकडच्या बागेत कुणीच नव्हतं, आणि मला भीती वाटायचं थांबलं नव्हतं.

हे सगळं लिहितोय, कारण बायकोला तोंडाने सांगायचं धाडस अजून होत नाही. ती माझं बोलणं अर्ध्यात तोडते, पण छापलेलं शेवटपर्यंत वाचते. तिने वाचलं की पुढे काय व्हायचं ते होईल. मुलीने मात्र विचारलं तर मी पाळण्याचं नाव काढणार नाही.

कार्डिफला रेडिंगहून गाडी बदलून जाता येतं. मी अजून गेलेलो नाही. बाईंचं मी एवढं देणं लागतो: त्यांच्या दारात जायचं, माझ्या आजीचं नाव मेबल होतं असं मोठ्याने सांगायचं, टोपी काढायची आणि त्यांच्याकडे पाठ करून बसायचं.