डब्बे पोचले, माणूस नाई

जहाज म्हणलं का अजून माह्या तोंडाले पाणी सुटते, ओकारीच्या आधी सुटते तसं. लोकायले वाटते मी नखरे करतो. वाटू दे.

आमचे हे जहाजावर स्वयंपाकी होते. नेरच्या पुढं आमचं खेडं, तिथून जहाजावर गेलेला दुसरा माणूस मले माहीत नाई. हॉटेलात पोळ्या लाटता लाटता एका मुंबईच्या एजंटानं ह्यायले तिकडं चढवलं, तवा पोरगी माह्या पोटात होती. ती झाली तवाही हे समुद्रातच. तिनं बाप पाह्यला तो मोबाईलवर, म्हणून मोबाईल बंद असला तरी ती त्याचे मुके घे.

मंग बॉर्डरवर ते सारं झालं, आपलं न पाकिस्तानचं. तिकडं लागून आलेलं जहाज इकडच्या बंदरात घ्यायचं नाई आन इकडचं तिकडं नाई, असं झालं. मले वाटलं बरं झालं, आता जहाजं बंद होतीन न हे घरी येतीन. येडीच मी.

ह्यायची कंपनी आन दुसरी एक कंपनी, दोन्ही परदेशातल्या, दोन्ही एकमेकीचं गिऱ्हाईक पळवणाऱ्या. हेच सांगत, का दुसरीचं जहाज लांबून दिसलं तरी आमचा कॅप्टन शिव्या देते. त्या दोघी, बाप्पा, आठवडाही नाई लागला, एक झाल्या. ठरलं का ह्यायचं जहाज फक्त कराचीकडं जाईन, दुसरीचं फक्त आपल्याकडं येईन, आन मधात दुबईले दोघं शेजारी लागतीन न डब्बे बदलून घेतीन. डब्बे म्हणजे कंटेनर, आपल्या खोलीएवढे लोखंडी. तुह्ये मी तिकडं नेतो, माह्ये तू इकडं आण. झालं. टीव्हीवर लोकं एकमेकायचं रगत प्यायच्या गोष्टी करून राह्यले होते आन डब्बे मस्त ये-जा करून राह्यले होते.

ह्यायची मुदत कवाचीच सरली होती. पण जहाजावरचा माणूस असाच उतरत नाई, त्याच्या जागी दुसरा चढा लागते, त्याले बदली म्हणतेत. ऑफिसचा साहेब म्हणे बदली आली का उतरवतो. आता कराचीले जाणाऱ्या जहाजावर इकडून कोण चढते?

एक दिवस व्हिडिओ कॉल आला तं मी म्हणलं, "लाईट लावा ना, पिवळे दिसून राह्यले."

हे म्हणाले, "लाईट लावलेलाच हाय."

डोळे हळदीवानी. कावीळ. मागं तो स्वयंपाकघराचा ओटा, त्याच्यावर पीठ, पिठात अळ्या चालून राह्यल्या, आन खाली बादली, तिच्यात हे ओकून राह्यले न तेच हात धुऊन पुन्हा कणीक मळून राह्यले. सायबानं सांगतलं होतं, बदली नाई तोवर तुलेच रांधा लागते. कावीळ झालेला माणूस साऱ्या जहाजाले रांधते! मले त्या ओकारीची किळस नाई आली. मले त्या सायबाची आली.

माह्या काकाले काविळीनंच नेलं होतं, ते मी पाह्यलेलं. घरात आत्याले, म्हणजे सासूले, तेवढं सांगतलं. ती बुद्धाच्या फोटोपुढं जाऊन बसली. देराले सांगतलं तं त्याच्या मोबाईलवर स्टेटस, विमानं, आग, धाडधाड गाणं. म्हणे, "टेन्शन नका घेऊ वहिनी, पहिले त्यायले धडा शिकवू, मंग दादा येतेच."

मी म्हणलं, "तुमचे दादा त्यायच्याच बंदरात उभे हायेत भाऊजी. तुमचा धडा पहिले त्यायच्याच डोक्यावर पडते."

त्यानं स्टेटस नाई काढलं. गाणं तेवढं बदललं.

आता त्या दुसऱ्या जहाजावरही एक स्वयंपाकी होता, कराचीचा. त्याचीही मुदत सरलेली, आन त्याचं जहाज फक्त आपल्याकडं येणारं. आपल्या बंदरात लागलं का त्याले खोलीतून बाहेर निघू देत नव्हते. म्हणजे पाहा तुम्ही, आमचा माणूस त्याच्या गावाले जाऊन राह्यला न तो आमच्याकडं येऊन राह्यला, आन दोघायलेही उतरता येत नाई. दुबईले जहाजं शेजारी लागली का तो थर्मासात मुगाचं पाणी घेऊन ह्यायच्याकडं ये. ह्यायले स्वतःच्या ओट्यावरचं काईच पोटात राहत नव्हतं, ते राहे. एकदा ह्यायनं फोन त्याच्या हातात देल्ला. मी घाबरून पदर घेतला, जसा काई तो दारातच आला.

तो म्हणे, "भाभी, मेरा जहाज ये ले ले, इसका मैं ले लूँ. दोनों घर पहुँच जाएँगे. हमको भी डिब्बा समझ लें, बस."

मी हासली. लय दिवसानं हासली, न मंग रडाले आलं, कारण ते एवढं सोपं होतं.

ह्यायनं सायबाले सांगतलं होतं. साहेब म्हणे, दुसऱ्या कंपनीचा माणूस आपल्या जहाजावर कसा घ्यायचा, ते आपले दुश्मन हायेत.

मंग मीच लावला त्याले फोन. दहावीतून शाळा सुटली माही, माहं हिंदी असं तसंच. तो काईतरी चावत होता, मचमच मचमच, मले कानातून ऐकू ये.

मी म्हणलं, "साहब, हमारे नेर के स्टँड पे दो जीपवाले है. एकमेक का तोंड नही देखते. मी पोटुशी होती, तपासायले जाऊन राह्यली होती, तं रस्त्यात जीप बंद पडली. मागून दुसऱ्याची आली. त्यानं पहिले मले बसवलं, मंग म्हाताऱ्यायले, आन सरकीचे पोते म्हणे राहू दे, पोते नंतर नेतो. तुम्ही पहिले पोते नेऊन राह्यले, साहब. माणूस तसाच रस्त्यावर हाय."

चावणं थांबलं. मले वाटलं समजलं त्याले.

तो म्हणे, "मॅडम, वो जीप है. ये इंटरनॅशनल है." आन पुन्हा मचमच.

मी फोन ठेवला, हात धुतले, साबण लावून. पोरीले घ्यायच्या आधी पुन्हा धुतले.

सुटका झाली तेही सांगतो, पण ऐकून तुमचंही तोंड आंबट होईन. जहाजावरच्या लोकायनं ह्यायच्या हातचं जेवण सोडलं. बिस्किटं खाऊन राह्यले. मंग म्हणाले, काविळवाल्याले उतरवल्याबिगर आम्ही दुबईहून जहाज हलवत नाई. जहाज उभं म्हणजे डब्बे उभे. डब्बे उभे राह्यल्याबरोबर दोन्ही कंपन्यायले एकदम दया आली. दुपारून फोन झाले आन सांजेलोक तो कराचीवाला ह्यायच्या जहाजावर आन हे त्याच्या. बस. एवढंच होतं ते. लाकडाची एक पायरी उतरायची न दुसरी चढायची.

आपल्या बंदरात ह्यायच्या जागी इकडचा माणूस लगेच भेटला, मंग हे बडनेऱ्याले गाडीतून उतरले न एसटीनं नेरले आले. मी स्टँडवर पोरगी घेऊन उभी. गळ्याची हाडं वर आलेली, शर्ट लोंबत होता. पोरगी त्यायले पाहून असं बोंबलली का लोकं जमा झाले, आन मोबाईलकडं हात करे, तिचा बाप त्याच्यात होता ना.

घरी देर जवळ बसला, गंमत ऐकाले. मुगाच्या पाण्याचं ऐकून तोंड वाकडं केलं त्यानं. "त्याच्या हातचं पेत होता तू? मी तं मेलो असतो, पण नसतो पेलो."

आत्या चुलीपाशी होती. तिथूनच बोलली, "काय म्हणला रे तू?"

"काई नाई माय."

"माह्या सासूले लोकं वरून पाणी ओतत होते, भांड्याले हात लागू नाई म्हणून. ते बोलणं मी ऐकलं हाय. हेच बोलणं होतं ते. आज ह्या घरात, माह्या लेकाच्या तोंडून?" आन तिनं त्याच्यापुढचं ताट उचललं. "उठ. इथं जेवू नोको."

तो उठला. हे म्हणाले, "तो कराचीवाला उतरला घरी. जहाजावरच्यायनं सांगतलं. त्याचं पोट्टंही त्याले पाहून रडलं म्हणे."

मी मुगाची खिचडी वाढली, पातळ, बिनातेलाची. दोन घास गेले न फोन वाजला. सायबाचा. ह्यायनं स्पीकर लावला. लय गोड आवाज. "अरे, कैसी है तबियत? रेस्ट कर ले थोडा. उसी कराचीवाले जहाज पे जगह रखी है तेरे लिए. कब भेज दूँ तिकीट?"

ह्यायनं माह्याकडं पाह्यलं. अजून डोळे पिवळेच. आन मले दिसलं का हे नाई म्हणू शकत नाईत, ह्यायले त्या लोकायपुढं 'हाव'च म्हणायची सवय लागली. मंग मीच फोन घेतला.

म्हणलं, "साहब, इनकी बदली नही आयी अभी."

"मतलब?"

"घर में इनके जगे पे दूसरा आदमी लगता है ना. पोरगी का बाप. आप बदली भेजो, फिर मी इनको उतारती."

तिकडं मचमच थांबली. मंग तो हासाले लागला, मोठ्यानं, जसं काई मी त्याच्या घरचीच. मी फोन कट केला न पदरानं पुसून काढला, कारण पोरगी मुका घ्यायले हात पुढं करूनच बसली होती.