आईचे बाजूला बसण्याचे दिवस

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. आई नारपोलीला कापडाच्या लूमवर सुताच्या कांड्या भरायची. बारा तासांची शिफ्ट, खडखडाटाची इतकी सवय की घरीही ओरडूनच बोलायची. त्या कमाईवर मी बीकॉम झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे अभिमानाने सांगते, कारण पुढचं अभिमानाचं नाही.

आमच्यात पाळी आली की बाई चार दिवस बाजूला बसते, चुलीला शिवत नाही. आईची पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मग ती पुन्हा बाजूला बसायला लागली. मी मानकोलीच्या गोदामातली ऑफिसची ड्युटी करून यायचे आणि भात टाकायचे. चाराचे आठ दिवस झाले, आठाचे पंधरा.

"परत चालू झालंय. व्हतं एखादीला," आई म्हणायची.

मावशी चिडवायची, "म्हातारपनी तरनी झाली गो तू." आई हसायची. मीही हसले.

तिची कंबर धरली तेव्हा तिला मुंबईला हॉस्पिटलात नेलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, आजूबाजूला पसरलेला. डॉक्टरबाईंनी विचारलं, रक्त केव्हापासून जातंय? मला नेमकं सांगता आलं. मी स्वयंपाक करायला लागले तेव्हापासून, दहा महिने.

"तुम्ही शिकलेल्या ना?" त्या एवढंच म्हणाल्या.

गाठ ऑपरेशनपलीकडे वाढली होती. त्यांनी एक वाट सांगितली. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवायची आणि गाठीला रक्त नेणाऱ्या धमनीतच केमो सोडायचं. गाठ आकसली तर ऑपरेशन, नाही तर नाही.

मी आईला समजावलं. "म्हंजे सगल्या वावराला न्हाय, एकाच वाफ्याला पानी," ती म्हणाली. "सोडा मंग."

पहिला डोस झाला. हे औषध किडनीला बाधतं म्हणून घरी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. दुसऱ्या डोसाच्या आधी रक्त तपासलं, तर किडनी बिघडलेली. डोस पुढे ढकलला. गाठ काही थांबणार नव्हती.

आई पाणी पीतच नव्हती. लूमवर बायकांना संडास नव्हता, शिफ्टभर कोरडं राहायची वीस वर्षांची सवय. आणि चाळीचा संडास दोन जिने खाली. मी भरून ठेवलेली बाटली ती मोरीत ओतायची.

मी तांब्या घेऊन समोर बसले. "पी."

"सारखं जावं लागंल गो बाय."

"मी नेते."

"आनि ड्युटी?"

"सुट्टी टाकली. पी आधी."

दिवसातून दहादा जिने उतरलो. ती वाटेत उलट्या करायची, शिव्या द्यायची, रडायचीही. पंधरवड्याने रिपोर्ट सुधारला आणि दुसरा डोस मिळाला, मग तिसरा. गाठ अर्ध्याहून कमी झाली.

ऑपरेशन झालं. किडनी पूर्वीसारखी झाली नाही, दर तीन महिन्यांनी तपासायला जावं लागतं. पण रक्त जायचं थांबलं आणि आई जिवंत आहे.