पिंपळनेरचा हिरवा ठिपका

पिंपळनेरच्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी जळगावात बसून प्रोग्राम लिहिला होता. दूध मोजलं की लिटर आणि फॅटचा आकडा आमच्या सर्व्हरवर यायचा आणि तिकडे स्क्रीनवर हिरवा ठिपका लागायचा. केंद्र चालवणाऱ्या अक्कांचा त्या ठिपक्यावर फार जीव.

एका सकाळी सर्व्हरवर तिकडून काहीच येईना. मी अक्कांना फोन लावला.

"आठे बठ्ठं हिरवं शे, ताई," त्या निवांतपणे अहिराणीत म्हणाल्या. त्यांच्या स्क्रीनवर सगळं हिरवंच होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा प्रोग्राम आकडे तिथल्याच कॉम्प्युटरच्या हवाली करायचा आणि त्याने ते ठेवून घेतले की 'पोचले' समजायचा. पुढे कनेक्शन तुटलेलं असलं तरी त्याला बराच वेळ पत्ता लागत नव्हता. हे मी अक्कांना समजावून सांगू लागले. डबा एसटीत ठेवला म्हणजे तो पाहुण्यांना पोचला असं नाही, हे उदाहरण दिलं, ते मलाच फार आवडलं. शेवटी विचारलं, "कळलं ना अक्का?"

पलीकडे काही नाही. फोन कधीच कटला होता.

"तुझा पण ठिपका हिरवाच होता," शेजारचा सहकारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी बसने पिंपळनेर गाठलं. राउटरचा प्लग काढून तिथे टेबल फॅन लावला होता आणि फॅनसमोर म्हशीचं नवं पारडू डोळे मिटून बसलं होतं.

"त्याले उकडी राह्यनं व्हतं," अक्का म्हणाल्या.

मी बाजारातून एक्स्टेंशन बोर्ड आणला. मग प्रोग्राम बदलला: सर्व्हरने 'मिळालं' असं कळवल्याशिवाय ठिपका हिरवा करायचा नाही. दूध येत नसतानाही सर्व्हरला मधूनमधून 'आहेस का?' विचारायचं, आणि उत्तर आलं नाही की भोंगा वाजवायचा.

तिथलं नेट सारखं गचके खायचं. दुपारपर्यंत भोंगा इतक्या वेळा वाजला की पारडू बिथरून उठलं आणि दुधाची बादली लवंडून अंगणात पळालं. अक्का त्याला धरून घेऊन आल्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुन्हा यंत्रले जरा दम धराले शिकाड, ताई."

मी तेच केलं. लागोपाठ तीनदा उत्तर चुकलं तरच भोंगा, असं ठरवलं. संध्याकाळचं दूध सुरळीत मोजलं गेलं, जळगावहून सहकाऱ्याने सगळं आल्याचं कळवलं आणि अक्कांनी निघताना माझ्या हातात खरवसाचा डबा ठेवला. परतीच्या बसमध्ये साक्री येईपर्यंत त्यातला निम्मा मी संपवला होता.