मागची गल्ली कोणाची

अमेरिकेत कोण कोणाशी लढतंय ते आम्हाला ठाऊक नव्हतं. पण ते लढत होते म्हणून अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि अख्खं गाव चेकाळलं होतं. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली. ज्याला धड पटका बांधता येत नव्हता तो जरीचा फेटा मिरवू लागला. श्वास घेतला तरी नाकात कापूस जाई. मी कचेरीतला नकाशे काढणारा कारकून, माझा पगार होता तेवढाच. तरी मीही शीळ घालत हिंडायचो. खोटं कशाला सांगू!

फक्त एका गोष्टीचा विचार कुणी केला नव्हता. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, रोज येत, बंडीवाले पेठेतच मुक्काम करत, आणि पहाटे ही सगळी फौज टमरेल घेऊन पेठेच्या मागच्या गल्लीत बसे. अकोल्याहून बदलून आलेला नवा साहेब पहिल्याच सकाळी घोड्यावरून त्या गल्लीत शिरला. घोडा पुढं जाईना, म्हणून साहेब खाली उतरला. अरे देवा! उतरायला नको होतं.

दुपारी मला हुकूम झाला: गल्लीचा नकाशा काढ, हात-हात जागा कोणाची ते लिही आणि ज्याची त्याच्याकडून सही किंवा निशाणी घे. कशासाठी ते साहेबानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला वाटलं, जागेचे दाखले द्यायचे असतील. पेठेलाही तेच वाटलं, आणि मग काय विचारता!

कापूस ठेवायला वीतभर जागा मिळेना असे ते दिवस. जो तो धावत आला. लिहिता न येणारे आपापल्या धंद्याची निशाणी काढत: शेतकरी नांगर, सुतार वाकस, मोमीन विणकर धोटा. विणकर म्हणाला, "मुनशीजी, ये नाली हमारे दादा के वक्त से हमारी है." शेजारच्या दोन भावांनी त्याच नालीवरून एकमेकांच्या फेट्यांना हात घातला. एक जण तर उकिरड्यावर चढून बसला आणि म्हणाला, "हा माहा, लिहा!" मी हसून हसून रेघा वाकड्या मारल्या.

गल्लीच्या टोकाला एका मेहतरीण बाईची झोपडी होती. नवरा वारलेला. पेठेतले संडास तीच साफ करायची, आणि मैला झोपडीमागच्या खड्ड्यात राखेत कुजवायची. ते सोनखत वलगावचे शेतकरी बंड्या भरून नेत. पण एका अडत्यानं झोपडीच्या दारापर्यंत कापसाचे गठ्ठे रचले होते आणि तिला आठ दिवसांत निघायला बजावलं होतं. ती माझ्यापासून दहा हात लांब उभी राहून म्हणाली, "मुनशीजी, माही झोपडी कागदावर येते का? हा खड्डा माह्या सासूनं खंदला."

"ह्या जागेवर अडत्यानं सही केली आहे. आता मी काय करू?" मी खेकसलो. लाज वाटली की मी खेकसतो, ही माझी जुनी खोड. ती पाटी उचलून गेली आणि माझी शीळ काही पुन्हा जमेना.

तिसऱ्या दिवशी दवंडी पिटली: नकाशात ज्याची जागा, तिथली घाण त्यानंच काढायची, नाही तर दंड!

बाप्पा रे बाप्पा! तासाभरात पेठ कचेरीत. शेतकरी सांगू लागला, "हे माही निशाणी नोहे. माह्या नांगराले असा बाक नसते!" ते दोघे भाऊ इतके प्रेमळ झाले की बघवेना. "दादा, तुमी मोठे, नाली तुमची." "नाई रे राजा, लायन्याचा मान पयला." उकिरडेवाला म्हणाला, तो तिथं फक्त दमून बसला होता. साहेबानं कुणाचंच ऐकलं नाही. मी टेबलाखाली तोंड घालून हसत होतो.

अडत्या मात्र हुशार. तो त्या मेहतरीण बाईला सोबत घेऊनच आला. "साहेब, जागा इचीच हाये, इच्या सासूपासून! मी तं नुसते गठ्ठे ठेवले."

"मग तसं लिहून दे," साहेब म्हणाला.

त्यानं झपाझप लिहून दिलं, वर सही ठोकली. शाई वाळायच्या आत मी कागद ओढून घेतला! साहेबानं तिला विचारलं, "जागा साफ ठेवशील?"

ती पायरीखालून म्हणाली, "साफ तं मी आजवर करूनच राहिली, साहेब. जागाच तेवढी माही नोती."

मी तोच कागद पायरीवर ठेवला, दौत ठेवली आणि मागं सरकलो. तेव्हा असंच करायचे आणि मीही तेच केलं. तिच्यासाठी मी आधीच लिहून टाकलं होतं: निशाणी झाडू.

"काढ झाडू," मी म्हणालो.

तिनं बोरू उचलला आणि थांबली. "बाकीच्या बाया काय काढतेत?"

"बांगडी."

"मंग म्या काहून झाडू काढावा?"

या वेळी मला खेकसताही आलं नाही. मी पुढं होऊन, अगदी तिच्या शेजारी वाकून, 'झाडू' खोडलं आणि 'बांगडी' लिहिलं. तिनं जीभ दातांत धरून भलंमोठं कडं काढलं, वाकडंतिकडं. अडत्याची निम्मी सही त्यात गेली.

मग ती उठली आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "शेटजी, गठ्ठे उचला."