बगळ्याच्या वाटीतले वाल

पाच आठवड्यांपूर्वी दुपारी आमच्या दाराची बेल वाजली आणि समोरच्या घरातली रेखा दारात दिसली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. आमच्या दोन घरांमध्ये बेल वाजवायची पद्धत नव्हती. रेखाच्या हाताला पीठ होतं. "काकू, आई उठत नाहीयेत," ती म्हणाली. मी गेले. रेखाची सासू चांगुणा दिवाणावर कुशीवर निजली होती, पाय पोटाशी घेऊन, नेहमी निजायची तशी. मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, "डॉक्टरला बोलाव, पण धावपळ करू नकोस." माझं हे बोलणं कठोर वाटलं, असं नंतर बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या. वाटू दे. नवऱ्याच्या आणि दोन दिरांच्या कपाळाला मी असाच हात लावलेला आहे, हाताला कळतं. मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, की दीड महिन्यानंतर मी या घरात पाऊल टाकलंय आणि टाकलं तेही असं... आमचं भांडण झालं होतं. ते ज्याच्यावरून झालं तो माणूस अमेरिकेत बास्केटबॉल खेळतो, आणि आम्ही दोन म्हाताऱ्या जगात आहोत हे त्याला ठाऊकही नाही.

हे ऐकून हसणारे हसतील, पण आधी सगळं सांगते. मी मूळची साताऱ्याकडची, चौथी पास. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता, सगळा संसार कोपरखैरण्यात झाला. तो गेल्यावर मुलाने उलव्यात फ्लॅट घेतला आणि मला इथे आणलं. समोर चांगुणा. ती इथलीच, म्हणजे इथून जवळच्या गावची. ते गाव विमानतळात गेलं. बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डिंग झाली, आणि जिने जन्मभर भात लावला, खाडीत उतरून चिखलातल्या निवट्या मासळ्या धरल्या, ती तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने जायला लागली. पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि विचारलं, "तू कोनच्या गावची गो?" ओळख ना पाळख, एकदम तू. मी वर्षभर तिला तुम्हीच म्हणत होते. मग कधी तू म्हणायला लागले ते आठवत नाही. मी माणसांत लवकर मिसळत नाही. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत, त्यांतलं एकच माझ्यासाठी होतं.

बास्केटबॉल आणला तिच्या नातीने, स्वप्नालीने. ती कॉलेजात खेळायची. पुढे नोकरीसाठी कॅनडाला गेली आणि जाताना आजीच्या टीव्हीवर तिकडच्या मॅच दिसतील अशी सोय करून गेली. म्हणाली, "आजी, मी तिकडे बघीन, तू इकडे बघ, म्हणजे आपण एकाच वेळी एकच बघू." तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. सकाळी सहा-साडेसहाला मॅच लागायची. एकटीने बघायला चांगुणाला कंटाळा, म्हणून तिने मला बोलावलं. घरातली माणसं झोपलेली असत, बेल वाजवली तर उठतील, म्हणून मॅचच्या दिवशी ती पहाटे उठून दाराची कडी काढून ठेवायची. दार नुसतं लोटलेलं. मी ढकलायचं आणि आत जायचं. आतून आवाज यायचा, "ये गो सुमन, तुझा चा झाकून ठेवलाय."

आम्हाला इंग्रजी येत नव्हतं. नियम आम्ही आमच्या डोक्याने लावले. काही चुकीचे लावले होते, ते स्वप्नालीने सुधारले. आमची टीम निळी. का, तर स्वप्नालीची निळी. त्या टीममध्ये एक उंच, काटकुळा, डावखुरा खेळाडू होता. एकट्याने उभं राहून चेंडू टाकायची पाळी आली की तो एक पाय किंचित उचलायचा, मान पुढे काढायचा आणि थांबायचा. चांगुणा म्हणाली, "बगला हाय तो! मासली दिसल्यावर उभा ऱ्हातंय ना, तसा बघ." त्या दिवसापासून तो बगळा. त्याचं खरं नाव स्वप्नालीने अनेकदा सांगितलं. आमच्या कामाचं नव्हतं.

रिकामं बसून टीव्ही बघणं दोघींनाही जमत नसे. चांगुणा दोन दिवस आधी वाल भिजत घालायची, मोड आणायची, आणि मॅच बघत आम्ही ते सोलायचो. मोड आलेला वाल कोमट पाण्यात ठेवून दोन बोटांत दाबला की दाणा सालातून सटकन बाहेर येतो. बिरडं करायचं तर हे काम आलंच, आणि ते एकटीने करायचं म्हणजे शिक्षा. मध्ये मोठं पातेलं, सोललेला दाणा त्यात. शेजारी पितळेची एक छोटी वाटी. बगळ्याने चेंडू जाळीत टाकला की त्या वेळी हातात असलेला दाणा पातेल्यात न टाकता वाटीत टाकायचा. ही पद्धत चांगुणाची. मॅच संपली की वाटी बघायची. दहा दाणे म्हणजे बरा खेळला. पंधरा झाले की ती रेखाला उठवून सांगायची, आणि रेखा डोळे न उघडता म्हणायची, "आई, त्याला माझा नमस्कार सांगा, पण मला झोपू द्या." चांगुणा लबाडी करायची. चेंडू कड्यावर आपटून बाहेर आला तरी हिचा वाल वाटीत. मी काढून परत पातेल्यात टाकायची. "त्याची मेहनत बघ ना गो," ती म्हणायची. मी म्हणायची, "मेहनतीचा वाल नाही, गेलेल्या चेंडूचा वाल. नियम म्हणजे नियम." अशी तीन वर्षं गेली. नवरा गेल्यानंतरची माझी ती तीन वर्षं चांगली गेली, एवढं लिहिते. जास्त गोड लिहिता येत नाही मला.

मग या हिवाळ्यात एका सकाळी बगळा दिसेना. आम्हाला वाटलं, पाय दुखावला असेल. पुढच्या मॅचलाही नाही. चांगुणा म्हणाली, घरात काही कार्य निघालं असेल, सुट्टी काढली असेल. त्यानंतर स्वप्नालीने फोनवरून रेखाला सांगून त्याची दुसरी मॅच लावून दिली, तर हा लाल कपड्यांत! चांगुणाला वाटलं, पाहुणा म्हणून गेलाय, दोन दिवस खेळून परत येईल. आमच्याकडच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या मॅचमध्ये एखाद्या गावाचे गडी कमी पडले की दुसऱ्या गावचा एक उसना घेतात, तसं. आम्ही चार मॅच तशीच वाट बघितली. मग स्वप्नालीने फोनवर नीट समजावलं. निळ्या टीमने त्याला लाल टीमला देऊन टाकलं होतं आणि बदल्यात तिकडचे दोघे घेतले होते. कायमचं. त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. जेवत असताना फोन आला म्हणे, उद्यापासून तिकडे. स्वप्नाली म्हणाली, "आजी, इथे लोक रडतायत. माझ्या मैत्रिणीने त्याच्या नावाचा शर्ट रागाने कुत्र्याला घातला."

चांगुणाने फोन ठेवला. मग म्हणाली, "जेवताना सांगतात? जेवू तरी द्यायचा व्हता."

मला राग आला होता. कोणावर, ते नीट कळत नव्हतं, म्हणून तो बगळ्यावर काढला. पाठवलं म्हणून काय झालं, जाताना तोंड तरी पाडायचं. हा लाल कपड्यांत हसत होता, नव्या गड्यांच्या पाठीवर थापा मारत होता. मी चांगुणाला सांगितलं, आपली टीम निळी, आपण निळी बघायची. ती म्हणाली, निळ्यात आता आपला कोन हाय? टीव्ही एक, मॅच दोन. मग एक दिवस तिची, एक दिवस माझी, असं ठरलं. तिच्या दिवशी मी वाल सोलायची आणि टीव्हीकडे बघायची नाही. माझ्या दिवशी वाटी रिकामी राहायची. तेही चाललं असतं.

पण एक दिवस लाल आणि निळी समोरासमोर आल्या. बगळा त्याच्या जुन्या मैदानावर आला. लोक आधी उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि खेळ सुरू झाल्यावर त्याच्या हातात चेंडू आला की ओरडून त्याला हिणवत होते. मला ते ओरडणं पटत होतं. त्याने पहिला चेंडू टाकला, गेला. चांगुणाने वाल वाटीत टाकला. मी तो उचलला आणि पातेल्यात टाकला. तिने दुसरा टाकला. मी तोही काढला. तिने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे तिथं."

"आपल्यावर टाकतोय तो चेंडू. आपल्याच टीमवर."

"त्याला कोनी विचारलं काय, कुठं खेळतंस म्हणून? उचलला नि ठेवला."

"मग हसतोय कशाला?"

"मग काय करल गो? जलमभर रडत बसल?"

आणि मी बोलले. "तुम्हाला काय कळणार? तुम्ही अख्खं गाव सोडून आलात. तुम्हाला सोडणं सोपं."

तू नाही म्हटलं, तुम्ही म्हटलं. तीन वर्षांनी.

तिच्या गावातलं शेवटचं घर तिचं होतं. सगळे निघाले तरी ती उंबऱ्यावर बसून होती, मुलाने हाताला धरून उठवली, हे मला तिनेच सांगितलं होतं. आमच्या गॅलरीतून आता विमानं उतरताना दिसतात. ती बोट दाखवून सांगायची, "ती बघ, माझ्या चुलीवर उतरली." हे सगळं माहीत असून मी बोलले. तिने माझं मनगट सोडलं, सालं गोळा केली आणि म्हणाली, "वाल झालं आज." निम्मे वाल सोलायचे राहिले होते. मी उठले आणि घरी आले.

माफी मी मागितली नाही. माझ्या तोंडाला सवय नाही. दुसऱ्या दिवशी मला वाटलं, ती हाक मारेल. नेहमी तीच मारायची, आणि तिने एक हाक मारली असती तर मी गेले असते. तिने मारली नाही. मी सकाळी सहाला उठायची, चहा करायची, आमच्या दाराच्या भोकातून समोरचं दार बघायची. दार लागलेलं दिसायचं. मनात म्हणायची, लाव, लाव, घट्ट लाव. जिन्यात दोनदा समोर आलो. पहिल्यांदा मी मान फिरवली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "गुडघा कसा हाय?" मी म्हटलं, "बरा आहे." ते आमचं शेवटचं बोलणं. गुडघा बरा नव्हता.

ती गेल्यावर स्वप्नाली आली, पंधरा दिवस राहिली, परत गेली. तेराव्याला मी रेखाबरोबर भांडी लावत होते. फडताळात ती वाटी दिसली. मी ती पुसत बसले, तर रेखा म्हणाली, "काकू, तुम्ही यायचं का बंद केलंत? आई तर मॅचच्या दिवशी कडी काढून ठेवायच्याच. मी म्हणायचे, अहो आई, कोणी येत नाही, चोर येईल एखादा. तर माझ्यावर ओरडायच्या. म्हणायच्या, तिला बेल वाजवायची सवय नाय."

मी विचारलं, "कधीपर्यंत?"

"शेवटपर्यंत. गेल्या त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा."

लोटलेलं दार आणि लावलेलं दार बाहेरून सारखंच दिसतं. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत आठ पावलं आहेत. मी दीड महिना भोकातून बघत उभी राहिले आणि एकदाही ढकलून बघितलं नाही. तिने हाक मारली नाही, असं मी समजत होते. तिची हाक तीच होती... मला पुरली नाही. यात तिची चूक नाही, माझी आहे. ही चूक दुरुस्त होण्यातली नाही, आणि होईल असं मला कोणी सांगू नये. सांगायला येतात बायका. मी त्यांना चहा देते.

गेल्या रविवारी लाल टीमची मॅच होती. मी रेखाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. सकाळी सहाला गेले. दार ढकललं, उघडलं. रेखा टीव्ही लावून आत झोपायला गेली. चहा मी माझा घरून नेला होता. वाल मीच भिजवले होते, मोड जरा आखूड आले, तिच्यासारखे नाही. दिवाणावर तिची जागा सोडून माझ्या जागेवर बसले. पातेलं मध्ये, वाटी शेजारी. निळी टीम केव्हाच हरून घरी बसलीय. बगळा लाल कपड्यांत धावत होता. थोडा थकलेला वाटला. लाल रंग त्याला शोभत नाही, हे माझं मत कायम आहे.

त्याला एकट्याने उभं राहून दोन चेंडू टाकायची पाळी आली. त्याने पाय किंचित उचलला, मान पुढे काढली आणि थांबला. मीही हातातला वाल दाबायची थांबले. पहिला चेंडू कड्यावर आपटून बाहेर आला. दाणा मी पातेल्यात टाकला. तिने वाटीत टाकला असता, आणि मी काढला असता. दुसरा आत गेला. मी एक दाणा सोलून वाटीत टाकला. पितळेत तो वाजला. मग तो पहिला दाणाही पातेल्यातून शोधून काढावा असं वाटलं, पण सोललेले वाल सगळे सारखेच दिसतात... एक कुठला तरी उचलला आणि वाटीत ठेवला. तो कोणी काढला नाही.